भुरीच आहे, बुरशी नाही

५ ऑगस्ट
मागच्या खोलीत, हिच्या कपाटाशेजारच्या भिंतीवर पांढरट डाग. तळहाताएवढा. बोट फिरवलं तर बोटाला पीठ लागलं. भुरी.
लिहिण्यासारखं खरं तर काही नाही. नोकरीत रोजची डायरी लिहावी लागायची, तो हात अजून थांबलेला नाही. महागाव तालुक्यात कृषी सहायक होतो. मुगावरची, उडदावरची, काकडीच्या वेलावरची भुरी इतकी पाहिली आहे की झोपेत ओळखेन. भिंतीवर पहिल्यांदाच पाहिली. पण भुरी ती भुरीच.
उपाय: कोरड्या फडक्याने पुसणे. पुसली. विषय संपला.

५ ऑगस्ट, संध्याकाळ
विषय संपला नाही. मोनालीचा नागपूरहून फोन आला. २१ सप्टेंबरला आईला वर्ष होतं, पुण्यानुमोदन लोहाऱ्याच्या घरीच ठेवू म्हणाली. १९ तारखेला मैत्रेयीला घेऊन येणार, दोघी मागच्या खोलीत झोपणार. बरं वाटलं. त्या भरात भुरीचं बोलून गेलो.
ती मग म्हणाली, "बाबा, भुरी की बुरशी? नीट पाहा. मैत्रेयीच्या दम्याचं माहीत आहे ना तुम्हाला? बुरशी असेल तर खोली रिकामी करायची, कपाट बाहेर काढायचं, भिंत खरवडायची. उगाच अंदाजाने सांगू नका."
मी म्हटलं, मी अंदाजाने कधीच सांगत नाही. निदान करतो.
खोली रिकामी करण्याचा प्रश्नच नाही. ही गेली तेव्हा खोली जशी होती तशी आहे. कपाटाला कोणी हात लावलेला नाही. खिडकीही बंद आहे. ती मी बंद केलेली नाही, फक्त उघडलेली नाही.

७ ऑगस्ट
मोबाईलवर वाचलं. इंग्रजीत दोघांची नावंही वेगळी आहेत, म्हणजे मोनालीचा प्रश्न अगदीच अडाणी नव्हता. भुरी सपाट असते, पिठासारखी, पांढरी किंवा राखाडी. वरच्या वर राहते, पुसली की जाते. बुरशी लवदार असते, काळी नाहीतर हिरवी. ती आत मुरते आणि तिला कुबट वास येतो.
आपली पांढरी. सपाट. पुसली की जाते. कुबट वास नाही.
खोलीत वास आहे, पण तो हिचा. रोज सकाळी दार उघडून मी दोन मिनिटं आत उभा राहतो. मग दार लावून घेतो. खिडकी उघडली की वास जाईल, एवढं साधं कारण आहे. त्यात शास्त्राविरुद्ध काही नाही.
निदान पक्कं. मोनालीला मेसेज टाकला: "भुरीच आहे." तिने अंगठा पाठवला.

९ ऑगस्ट
परत आली. आता दोन तळहात.
पुनरागमन हे भुरीचं वैशिष्ट्यच आहे. शेतकऱ्यांना मी हेच सांगायचो. ओल्या फडक्याने पुसली, जास्त चांगली निघाली. आता रोज ओल्या फडक्याने पुसायची असं ठरवलं आहे.

१२ ऑगस्ट
नेमसिंग चहाला आला. शेजारी राहतो. एसटीत ड्रायव्हर होता, रिटायर झाल्यावर तांड्यावरचं वावर पाहतो. लोहाऱ्यात मला 'साहेब' म्हणणारा तो एकटाच उरला आहे, तेही चेष्टेत की मानाने हे अजून कळलेलं नाही. वास आला म्हणाला आणि सरळ मागच्या खोलीत शिरला. कोणी शिरत नाही तिथे.
भिंतीकडे पाहत उभा राहिला. मी सांगितलं, भुरी आहे. तो म्हणाला, "साहेब, भुरी पांढरी रायते ना? हे तं हिरवं हाये." मी म्हटलं, ट्यूबलाइटचा परिणाम. त्याने ट्यूब बंद केली. मग म्हणाला, "आता काळं दिसून राह्यलं."
त्याला समजावून सांगितलं की नुसत्या डोळ्याने निदान करायला सवय लागते. तो हो म्हणाला. चहा संपवून जाताना म्हणाला, "तुमी म्हनता तं भुरीच असंन, बाप्पा. पन भुरी आली कोन्या पिकावर?"
ड्रायव्हर माणूस. जाऊ दे.

१४ ऑगस्ट
फडक्याने काम होत नाही. मान्य. घरगुती उपायांवर माझा विश्वास कधीच नव्हता. भुरीवर खात्रीचा उपाय एकच: पाण्यात विरघळणारं गंधक, फवारणी. सेवेत असताना किती गावांत प्रात्यक्षिक दिलं असेल.
कृषी केंद्रावर गेलो. पोरगा विचारतो, "काका, कोणत्या पिकासाठी?" मी म्हटलं, घरगुती. त्याने दुसऱ्या पोराकडे पाहिलं.
पंप नेमसिंगचा. उद्या सुट्टी आहे, झेंडावंदनानंतर फवारणी.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन झालं. फवारणी केली. मास्क, हातमोजे, गॉगल, फुल बाह्यांचा शर्ट. सुरक्षेत मी तडजोड करत नाही. वाऱ्याच्या दिशेने फवारायचं असतं, पण खोलीत वारा नाही, त्यामुळे ती अडचण आली नाही.
कपाट प्लास्टिकने झाकलं होतं. आत जाणार नाही याची काळजी घेतली. लालीबाई, म्हणजे नेमसिंगची बायको, कंपाउंडच्या भिंतीवरून पाहत होती. तिने आवाज दिला, "अवो भाऊ, घरात काय कापूस पेरला का?"
उत्तर दिलं नाही. मास्क होता.
भिंत चिंब झाली आहे. पिवळी दिसते. सुकली की परिणाम दिसेल.

१६ ऑगस्ट
सुकली नाही. बाहेर पाऊस. खोलीत फटाके फोडल्यासारखा वास.
सकाळी दार उघडून उभा राहिलो. हिचा वास आला नाही. गंधकच गंधक. बराच वेळ उभा राहिलो. दार आतून लावून पाहिलं.
हे मी आधी लक्षात घ्यायला हवं होतं.

१९ ऑगस्ट
परत आला! आज सकाळी दार उघडलं आणि आला. गंधकाच्या खालून हळूहळू वर आला. उलट पूर्वीपेक्षा जास्त येतो आहे. भिंत अजून ओलीच आहे, ते एक सोडलं तर सगळं ठीक.
थोडा खोकला आहे. हवामानाचा.

२० ऑगस्ट
काळे ठिपके. मिरीएवढे, पुष्कळ.
घाबरण्याचं कारण नाही. उलट निदानाला पुष्टीच मिळाली. भुरी जुनी झाली की तिच्यात काळे बारीक ठिपके तयार होतात, हे आम्हाला पदविकेला शिकवलं होतं. परीक्षेत आकृतीसह आलं होतं. मला पूर्ण मार्क होते. म्हणजे ही जुनी भुरी आहे. परिपक्व.

२२ ऑगस्ट
पोळा. नेमसिंगने बैल सजवून दारापुढून नेले, आवर्जून थांबवले. लालीबाईने पुरणपोळ्या पाठवल्या नाहीत, स्वतः घेऊन आली. म्हणजे बोलायचं होतं.
म्हणाली, "भाऊ, वैनी तं उघाड पडली का सारं कपाट आंगनात आनून टाके. साड्या उनात, पेटी उनात, गाद्या उनात. मले आवाज दे, का लालीबाई, ये व, घड्या घालाले. यंदा उघाड दोनदा पडली, तुमचं आंगन रिकामंच."
मी म्हटलं, पाहू.
हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे अंगणभर साड्या वाळत घातलेल्या मी पाहिल्या असणार. धुतल्या आहेत असंच वाटायचं. इतक्या साड्या एकदम का धुते, हे कधी विचारलं नाही.
उद्या उघाड पडली तर पाहू.

२३ ऑगस्ट
उघाड पडली. कपाटाच्या किल्लीपर्यंत गेलो. कपाट उघडलं की आतला वास बाहेर येईल आणि तिथे नवीन होणार नाही. एकदाच वापरता येईल अशी ती गोष्ट आहे. ती मोनाली येईपर्यंत तरी राखून ठेवली पाहिजे.
पोरं तान्हा पोळ्याचे लाकडी बैल घेऊन आली. पैसे दिले. दुपारी परत पाऊस. बरं झालं उघडलं नाही, साड्या भिजल्या असत्या.

२४ ऑगस्ट
मोनालीने व्हिडिओ कॉल केला. आगाऊ न सांगता. "भिंत दाखवा," म्हणाली. मी दुसरी भिंत दाखवली. "ही नाही, कपाटाकडची." मी म्हटलं, नेटवर्क नाही, आणि फोन बंद केला. हे खोटं नाही. फोन बंद केल्यावर नेटवर्क नव्हतंच.
भिंतीवर कॅलेंडर लावलं. डाग कॅलेंडरपेक्षा मोठा आहे. बँकेचं दुसरं कॅलेंडर शेजारी लावलं.

२६ ऑगस्ट
खत कंपनीचं तिसरं. जिल्हा परिषदेचं जुनं चौथं, त्यावर गेल्या वर्षीची पानं होती म्हणून ऑगस्टवर आणून ठेवलं. आता भिंत सुटसुटीत दिसते.
नेमसिंग पंप न्यायला आला. बराच वेळ भिंत पाहिली आणि म्हणाला, "साहेब, तुमच्या घरात चार जागी ऑगस्ट हाये. अन् चारी ओले."

२८ ऑगस्ट
मोबाईलवर एक सोपी चाचणी मिळाली. डागावर ब्लीचचे दोन-चार थेंब टाकायचे. मिनिटभरात फिकट झाला तर भुरी. काळाच राहिला तर बुरशी. इतकी साधी चाचणी असताना मी वेळ का घालवला कळत नाही.
केली.
काळाच राहिला.
ब्लीच जुनं असावं. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली कधीपासून पडलं होतं कोणास ठाऊक. हिनेच आणलेलं. उद्या नवीन आणतो.

२९ ऑगस्ट
नवीन बाटली. यवतमाळला जाऊन मोठ्या दुकानातून आणली, तारीख पाहून. थेंब टाकले. मिनिट झालं. दोन झाली. ट्यूब बंद करून दाराकडून पाहिलं तर किंचित फिकट वाटतो. ट्यूब लावली की वाटत नाही.
निष्कर्ष: दाराकडून पाहणे.

३१ ऑगस्ट
खोकला वाढला. सुंठ घेतली. सकाळी खोलीत उभं राहिलं की जास्त येतो, पण तो भावनिक असावा.
कॅलेंडर उचलून पाहिलं. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लव आली आहे. पण लव पांढरी आहे. म्हणजे रंग भुरीचा, पोत बुरशीचा. निम्मं निम्मं.
मोनालीला कळवण्याची घाई नको.

३ सप्टेंबर
दुसरं मत घ्यायला कमीपणा नसतो. निवृत्त कृषी सहायकांच्या ग्रुपवर भिंतीचा फोटो टाकला. प्रश्न: "भुरी की बुरशी? अनुभवी मित्रांनी कळवावे."
उत्तरं आली. पहिल्याने गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ. दुसऱ्याने विचारलं, "पिकाची अवस्था कोणती? फुलोरा की शेंगा?" तिसरा म्हणाला, ही भुरी नाही, तांबेरा आहे, दोन फवारण्या द्या. त्यावर दुसऱ्याचं आणि तिसऱ्याचं भांडण लागलं, ते दुपारभर चाललं. संध्याकाळी उमरखेडचे बबनराव, जे ग्रुपवर कधी बोलत नाहीत, त्यांनी लिहिलं: "ही भिंत आहे."


७ सप्टेंबर
टॉर्च घेऊन कपाटाच्या मागे पाहिलं. कपाट भिंतीला टेकलेलं आहे, फक्त बोटभर जागा. मागे सगळं काळं आहे.
मागे अंधार असल्यामुळे काळं दिसतं.
टॉर्च लावला तरी.

१० सप्टेंबर
नेमसिंग आज चहा न घेता बसला. तसा तो कधी बसत नाही. म्हणाला, "साहेब, एक इचारू? माझ्या वावरात तुमी आलते, तीन-चार वर्सं झाले. काय सांगतलं होतं मले? दाटी करू नका, हवा खेळती ठेवा, मंग औषध लागतच नाही. सांगतलं होतं का नाही?"
मी म्हटलं, तो सल्ला शेतासाठी आहे. खोलीला लागू होत नाही.
तो हसला नाही. म्हणाला, "वैनी गेल्या तवापासून ते खिडकी उघडली नाही तुमी. मले रोडवरून दिसते ना. रोज दिसते. मी म्हनो, आज उघडतीन, उद्या उघडतीन."
मी म्हटलं, खिडकीची कडी खराब आहे.
तो म्हणाला, "मी दुरुस्त करून देतो, पाना आनतो." मी म्हटलं, नको. मोठ्याने म्हटलं असावं, कारण तो उठला. फाटकाशी थांबून म्हणाला, "तुमचा खोकला ऐकू येते आमच्या घरी. लाली म्हने, भाऊले दवाखान्यात ने. तुमी दवाखान्याचं नाही तं खिडकीचं तरी ऐका."
आज दुसरी नोंद नाही.

१३ सप्टेंबर
कपाट उघडलं.
मोनाली यायला थोडेच दिवस राहिले. आतलं तिने आधी पाहण्यापेक्षा मी पाहिलेलं बरं, असा विचार केला. वरच्या खणात विहारात जायची पांढरी साडी. निळ्या काठाची. वर्षावासाच्या तीन महिन्यांत ती हीच नेसायची. दर वर्षी नागपूरला दीक्षाभूमीला जाताना हीच. घडी मोडली तर घडीच्या प्रत्येक रेषेवर ठिपके. राखाडी. काही काळे.
कापडावरची भुरी वेगळी असते. ती धुतली की जाते.
बादलीत टाकली. ठिपके गेले नाहीत. ब्लीचचे थेंब टाकले, इथे मात्र चाचणी यशस्वी झाली: ठिपके फिकट झाले. निळा काठही फिकट झाला. त्या जागी आता पिवळं आहे.
बाकीच्या साड्यांना हात लावला नाही. दार लावून घेतलं.

१४ सप्टेंबर
साडी आत वाळत घातली. बाहेर घातली असती तर लालीबाईने पाहिली असती.
वाळली नाही.

१५ सप्टेंबर
वाळली नाही. इस्त्री फिरवली. वाफ झाली, भिंतीवर बसली.

१६ सप्टेंबर
मोनालीला फोन केला. म्हटलं, तुम्ही लॉजवर उतरलात तर? स्टँडजवळ चांगली लॉज आहे, मैत्रेयीला टीव्हीही मिळेल.
ती म्हणाली, "बाबा, आईच्या पुण्यानुमोदनाला मी लॉजवर उतरू? काय झालंय? काहून असं बोलून राह्यले तुम्ही?" ती वऱ्हाडी बोलायला लागली की रडण्याच्या बेतात असते. मी म्हटलं, काही नाही, तुमची सोय पाहत होतो. ती म्हणाली, आम्ही घरीच येतो.
आता एकच मार्ग आहे आणि तो आधीच सुचायला हवा होता.

१७ सप्टेंबर
ऑइलपेंट. आकाशी. दुकानदार म्हणाला, "ओल्या भिंतीवर नका मारू काका, सुकू द्या." मी म्हटलं, वेळ नाही. तो म्हणाला, "तुमची भिंत."
कॅलेंडरं काढली. दोन हात मारले. अप्रतिम. खोली उजळली. काळं नाही, हिरवं नाही, पांढरं नाही. भुरी की बुरशी हा प्रश्नच उरला नाही. काहीच नसेल तर निदान कशाचं करायचं?
इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा पोटभर जेवलो. वरण-भात-वांगं.
मोनालीला मेसेज: "भिंत एकदम क्लीन. या."

१८ सप्टेंबर
पेंटला फोड आले आहेत. पुरीसारखे. एक दाबला तर आतून पाणी आलं.
दाबायला नको होता. बाकीचे दाबलेले नाहीत.
सकाळी आत उभा राहिलो. रंगाच्या वासातून हिचा वास अजून येतो. मोनालीला सगळं समजावून सांगायचं ठरवलं आहे. तीही लेकच आहे. आत एक मिनिट उभी राहिली की तिला कळेल. मग ती कपाटाचं नाव काढणार नाही.

१९ सप्टेंबर
दुपारी आल्या. मैत्रेयी फाटकातूनच पळत आली, "आजोबा, तुमच्याकडे भूत आहे का?" नेमसिंगने तिला बाहेर काहीतरी सांगितलं असावं.
मोनाली सरळ मागच्या खोलीकडे गेली. मी पुढे होऊन दार उघडलं. मला तिला आधी आत न्यायचं होतं. म्हटलं, ये, जरा उभी राहा. बोलू नको, फक्त उभी राहा.
ती उभी राहिली. मैत्रेयी दारातच नाक धरून उभी. मोनालीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, हा कसला वास?"
मी म्हटलं, "आईचा."
तिने भिंतीकडे पाहिलं. फोडांकडे. खिडकीकडे. मग परत माझ्याकडे. मी म्हटलं, म्हणून खिडकी उघडत नाही. वर्षभर राखला आहे. गंधकाने गेला होता, तरी परत आला.
ती खूप हळू बोलली. म्हणाली, "बाबा, आईला असा वास नव्हता. आईला कधीच असा वास नव्हता. हा बुरशीचा वास आहे."
मी म्हटलं, बुरशीला कुबट वास येतो.
ती म्हणाली, "हा कुबटच आहे, बाबा."
मैत्रेयीला खोकला सुरू झाला. दम्याचा पंप द्यावा लागला, दोनदा. मोनालीने तिला कडेवर घेतलं, एवढी मोठी पोरगी, आणि नेमसिंगकडे नेलं. रात्री तिघेही तिकडेच जेवलो. 

२० सप्टेंबर
सकाळी उघाड.
खिडकी उघडली. कडीला काही झालेलं नव्हतं. झडप फुगली होती. नेमसिंगने बाहेरून दणके दिले, मी आतून ओढली. आधी काहीच नाही. मग हवा आली. सरळ आत आली आणि दारातून निघून गेली. मी मध्ये उभा होतो. फार लवकर झालं ते. मला वाटलं होतं, जायला एखादा दिवस तरी लागेल.
मिस्त्री आला. पेंटवर थापी मारली, प्लास्टर हातात आलं. विटेपर्यंत काळं. मी विचारलं, भुरी की बुरशी? तो म्हणाला, "काका, पाणी हाये. बाथरूमचा पाइप फुटला मांगून. बाकी मले नाही समजत."
चौघांनी कपाट अंगणात आणलं. मोनाली आणि लालीबाईने एकेक साडी काढली. काही पाहून लगेच बाजूला, काही उन्हात. आमची दोरी पुरली नाही म्हणून नेमसिंगच्या अंगणात दोरी, मग कंपाउंडवर, मग त्याच्या स्कूटरवर. मी कामाचा नव्हतो. मध्येमध्ये सांगत होतो, दाटी करू नका, दोन साड्यांत अंतर ठेवा. कोणी हसलं नाही. लालीबाईने अंतर ठेवलं.
मोनाली रागावली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. पिवळा काठ पाहिला, घडी घातली, स्वतःच्या बॅगेत ठेवली.
मी एकेक साडी उचलून नाकाशी धरून पाहिली. सगळ्या. कोणाचं लक्ष नाही असं पाहून. सगळ्यांना एकच वास. भिंतीचा.

२१ सप्टेंबर
पुण्यानुमोदन नीट झालं. भंतेजी आले, वंदना झाली, विहारातल्या बायका आल्या. हिच्या, म्हणजे पंचफुलाच्या, फोटोला मोनालीने पांढरी फुलं वाहिली. गेल्या वर्षी लोक म्हणत होते, साड्या वाटून टाका, मी म्हटलं होतं वर्ष होऊ द्या. आज वाटल्या. ज्या धुवून निघाल्या त्या. लालीबाईला पोपटी मिळाली. नको नको म्हणाली आणि घट्ट धरून ठेवली.
काल संध्याकाळी मोनालीने दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी मलाही पंप दिला आहे. मैत्रेयीने कसा ओढायचा ते शिकवलं. "आजोबा, आधी श्वास सोडा. सगळा सोडा. मग ओढा." सगळा सोडायला जमत नाही म्हटलं तर म्हणाली, "जमते. मी पयल्या दिवशी रडली होती."

२३ सप्टेंबर
मोनाली आज निघणार. म्हणाली, भिंत होईपर्यंत नागपूरला चला. मी म्हटलं, मिस्त्रीच्या कामावर कोणीतरी पाहिजे. तिने आग्रह केला नाही.
बस यायची होती. स्टँडवर बाकड्यावर बसलो होतो, मैत्रेयी चिप्स खात होती. तेव्हा विचारलं. म्हटलं, तो आईचा वास नव्हता म्हणालीस. मग आईचा कोणता?
ती म्हणाली, "म्हणजे काय? आईचा... थांबा." विचार करायला लागली. "कोथिंबीर निवडल्यावर हाताला येतो तसा... नाही. तो हाताचा. अंगाला..." डोळे मिटून घेतले. "पावडर लावायची का आई? उन्हाळ्यात लावायची. तिचा नाही. तो पावडरीचा."
मैत्रेयी म्हणाली, "मला माहीत आहे," आणि मग म्हणाली, "नाही माहीत."
बस लागली. मोनाली चढताना म्हणाली, "सांगते बाबा. आठवला की फोन करते. आठवेल."

२४ सप्टेंबर
फोन आला नाही. मिस्त्री आला नाही.

२६ सप्टेंबर
मिस्त्रीने पाइप बदलला. विटा उघड्या ठेवल्या आहेत, सुकल्यावर प्लास्टर. खिडकी उघडी. कपाट अंगणातून पुढच्या खोलीत आणलं, आत वर्तमानपत्रं अंथरली, बाकी रिकामं.
विटा, सिमेंट, पाऊस. खोलीत उभं राहिलं की एवढाच वास येतो. यात निदान करण्यासारखं काही नाही.

३० सप्टेंबर
मोनालीचा फोन. पोचलो त्या दिवसापासून कामात होते म्हणाली. प्लास्टर झालं का, जेवलात का, खोकला कसा आहे. मैत्रेयीची चाचणी परीक्षा. इकडचं तिकडचं बरंच बोलली, थांबली, परत बोलली. ज्यासाठी तिने फोन करायचा होता ते बोलली नाही. मीही विचारलं नाही.
मागच्या खोलीत डास येतात. खिडकीला जाळी बसवून घ्यायला हवी.